हाताची चव

टाकरखेड्याचे त्रेसष्ट जण
आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी
अमळनेरच्या सरकारी दवाखान्यात आले,
कोणी ट्रॉलीत आडवे, कोणी मोटरसायकलवर
दोघांच्या मध्ये दाबून धरलेले.
खाटा पुरल्या नाहीत.
अंगणातल्या निंबाला सलाइनच्या बाटल्या टांगल्या
आणि माहेरी आलेल्या लेकी
ज्या झाडाला झोका बांधायचा
तशाच झाडाखाली ओकत बसल्या.

माझ्याकडे एक स्टीलचा डबा आला.
तळाशी दोन बोटं बासुंदी.
वास चांगला. रंग चांगला.
नासलेलं दूध स्वतःहून सांगतं,
हे काहीच सांगत नव्हतं.

ताटलीवर रेघ ओढली, चोवीस तास ठेवली.
काही उगवलं नाही.
आणखी चोवीस तास.
ताटली कोरी, धुतलेल्या पाटीसारखी.
साहेब म्हणाले, मग बासुंदी सुटली.
मी काचेवर थेंब पसरला, जांभळा रंग चढवला,
भिंगातून पाहिलं तर द्राक्षांचे घोसच्या घोस,
सगळे मेलेले.

मग जळगावहून किट मागवलं, विष शोधायचं.
पट्टीवर दुसरी रेघ उमटली
आणि मला आदली रात्र दिसली:
नऊला लाइट गेली, पातेल्यावर ओलं फडकं,
वैशाखातलं कोमट दूध,
आणि ते एकाचे दोन, दोनाचे चार,
कुणावर राग नाही, डूख नाही,
फक्त खात, वाढत,
खाताखाता काहीतरी दुधात सोडत.
सकाळी कुणीतरी शहाणपणाने दणदणीत उकळी दिली.
ते मेले.
त्यांनी सोडलेलं मात्र
उकळीला भीक घालत नाही.

गेंदाबाईकडे मी गेलो तेव्हा ती ओट्यावर
दोन्ही हात मांडीत घेऊन बसली होती.
पंचक्रोशीत मांडे तिचेच, बासुंदी तिचीच.
बाया म्हणायच्या, हातालाच चव आहे तिच्या.
उजव्या तर्जनीला चिंधी, चिंधीत हळद,
कैऱ्या चिरताना विळी लागलेली,
आठवडा झाला, ठणकत होतं, पिवळं आलं होतं.
पण लेकी आल्या होत्या गावच्या,
आणि चारोळ्या काय चमच्याने टाकतात?

मी काडी फिरवली बोटावर, मग नाकात.
ती शिंकली, मग म्हणाली,
"सकायले परत उकाई लिधं व्हतं ना भाऊ.
मंग कसं व्हयनं?"
मला सांगता आलं नाही.
मी म्हणालो, कोणी दगावलं नाही, मावशी.
तिने मला पाणी दिलं.
तांब्या तिने डाव्या हाताने धरला होता.

तिच्या ताटलीत दुसऱ्या दिवशी सोनं आलं.
खरंच सोनं: बारीक, गोल, पिवळे मणी,
सराफ बाजारात तोळ्यावर जावेत असे.
नावच सोन्याचं आहे त्यांचं.
त्या संध्याकाळी लॅबमध्ये मी एकटा होतो.
एक काडी उरली होती.
उगाच माझ्याच नाकात फिरवली.
सकाळी तेच सोनं,
तिच्यापेक्षा थोडं जास्तच.

अहवालात एक रकाना असतो: स्रोत.
मी लिहिलं, स्वयंपाकिणीचं बोट.
माझी ताटली उकळून टाकून दिली.
रकाना एकच होता.

दोन वर्षं तिला कुणी बोलावलं नाही.
यंदा माझ्या साडूच्या घरी, बहादरपूरला,
चुलीवर खापर पालथं, आणि समोर ती.
हातात दवाखान्यातले रबरी मोजे.
पुरण भरलेला उंडा तिने हातांवर घेतला, झुलवला,
तो रबराला चिकटला, फाटला.
दुसरा फाटला.
बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

तिने मोजे काढले, साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत,
बराच वेळ,
आणि उठून माझ्यापुढे आली.
दहा बोटं पसरली, उलटी केली, सुलटी केली.
तर्जनीवर एक पांढरी रेघ, बुजलेली.
"पाह्य," म्हणाली.
मी उन्हात नेऊन पाहिली, नखांच्या कडासुद्धा.
म्हटलं, टाका.

मांडा तिच्या कोपरापर्यंत पसरला,
त्यातून पलीकडचं ऊन दिसलं,
आणि तो खापरावर पडला.
वाढायला मी उठणार होतो.
आधी मोरीवर गेलो,
साबण शोधला.